आभाराची मीटिंग

आमच्या चर्चचा एक खास अंक निघणार आहे. त्यात पप्पांच्या सेवेवर मी दोन पानं लिहावीत असा निरोप घेऊन मंडळीचा सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेला, आणि दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्यांना काय हवंय ते मला तोंडपाठ आहे. साठीला आलेला, हार्ट अटॅकमधून उठलेला माणूस वांगणीपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत आजाऱ्यांच्या उशाशी बसत फिरला, असा देवमाणूस होणे नाही, वगैरे. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण ते सगळं सुरू कसं झालं हे त्या अंकात छापता येणार नाही, आणि ते गाळून बाकीचं लिहायला बसले की माझं डोकं फिरतं. तेव्हा ते इथेच लिहिते. छापणाऱ्यांनी त्यांच्या अंकात फोटो छापावा.

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनापासून चालत जाता येईल अशा चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पप्पांची कॉट, मागे स्वयंपाक आणि आईचं राज्य. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, कारण कारखान्यांचे भोंगे होते. एक जाडा, एक किरटा, आणि एक असा की वाजता वाजता मध्येच दम लागल्यासारखा थांबायचा. त्या तिसऱ्या भोंग्यावर आई भात टाकायची. वारा नाल्याकडून आला की केमिकलचा उग्र वास घरात शिरायचा आणि आई कढीपत्त्याची फोडणी द्यायची. फोडणीने काय होणार म्हणा, पण निदान नाकाला दुसरं काम मिळायचं. शेजारच्या खोलीत कांबळेकाकू. त्या बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. नाताळच्या करंज्या त्यांच्या स्टोव्हवर तळल्या जायच्या आणि बुद्धजयंतीची खीर आमच्या पातेल्यात शिजायची. दोन्ही घरांची भांडी इतकी एकमेकांत मिसळलेली की चाळ सोडताना कुठला झारा कुणाचा यावरून आई आणि काकू अर्धा तास हसत बसल्या होत्या.

पप्पा तेव्हा काही संतबिंत नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता मंडळीतली पोरंसोरं त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा ते जन्मल्यापासूनच डोळे मिटून होते असं वाटतं. अहो, कारखान्यात फिटर होते ते. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला जायचे, गाणी मोठ्या आवाजात आणि हमखास बेसूर म्हणायचे, उपासना संपली की चर्चमधला पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा यावरून कमिटीत तावातावाने भांडायचे, आणि घरी येऊन मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी खाऊन तोंडावर पेपर टाकून झोपायचे. त्या झोपेत पेपर वर-खाली व्हायचा. मला वडील म्हणून तो माणूस पसंत होता. त्यांच्या देवाशी माझं काही वाकडं नव्हतं, माझ्याशी त्यांच्या देवाचं नव्हतं, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

माझं नाव सुमन, पण घरात, चाळीत आणि मंडळीत मी बेबीच. बाविशी उलटली तरी बेबी. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास होऊन मी उल्हासनगरला एका सिंधी सेठकडे चिकटले होते. सेठचा प्लास्टिकच्या सामानाचा धंदा, आणि दुकानावरच्या माळ्यावर माझा टाइपरायटर. उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागायचं. सेठ माणूस चांगला, दुपारी स्वतःच्या घरचा दाल-पकवान पाठवायचा, पण पगार वाढवायचा विषय काढला की त्याला एकदम ऐकू येईनासं व्हायचं. मी गुपचूप सरकारी परीक्षा देत होते. दोनदा राहिले, तिसऱ्यांदा निघाले. कल्याणच्या एका कचेरीत टायपिस्ट, कायम नोकरी, पेन्शनसकट. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसणारी मी पहिलीच असणार होते. मला दुसरं काही नको होतं. लग्न होईल तेव्हा होईल, ती खुर्ची मला हवी होती.

नेमकी त्याच सुमाराला पप्पांची छाती धरली. रिटायर होऊन थोडेच महिने झाले होते. सकाळी चहात खारी बुडवून ते आईला काहीतरी सांगत होते, आणि बोलता बोलता खारी कपात पडली आणि तीही काढायला त्यांचा हात उठेना. कांबळेकाकांनी रिक्षा आणली, चाळीतल्या चौघांनी उचलून घातलं आणि उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. माझा मोठा भाऊ विजू बदलापूरला बायको-मुलांना घेऊन वेगळा राहायचा, तो रात्री बसायचा आणि दिवसा मी. मंडळीतले लोक रोज येऊन कॉटभोवती उभे राहून मोठमोठ्याने प्रार्थना करायचे. वॉर्डबॉय ओरडायचा. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची सिंधी बायको मात्र एक दिवस म्हणाली, हमारे लिए भी थोड़ा बोल दो, और बीच में खड़े होकर बोलो ताकि दोनों को लगे. मग दोन्ही कॉटच्या मध्ये उभं राहून प्रार्थना व्हायला लागली. पप्पा जरा बोलायला लागले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून नोकरीची ऑर्डर वाचून दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, पेन्शन आहे ना गं? आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. हे मी विसरलेले नाही. त्यांना सगळं माहीत होतं.

आमच्यात मोठ्या दुखण्यातून माणूस उठला की घरी आभाराची मीटिंग करतात. मंडळी जमतात, गाणी होतात, उठलेला माणूस आपली साक्ष सांगतो, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलतो, आणि शेवटी आभार म्हणून काहीतरी देतो. कुणी चर्चला भिंतीवरचं घड्याळ देतं, कुणी सतरंजी, कुणी पाकीट. आई पंखा द्यावा म्हणत होती, म्हणजे निदान कमिटीतलं ते भांडण तरी मिटेल. पप्पा म्हणाले, तुम्ही डोकं चालवू नका, माझं ठरलंय. आम्हाला वाटलं, पाकीटच देणार असतील.

त्या दिवशी सकाळपासून आमच्या आणि काकूंच्या अशा दोन्ही घरांत चिवडा भाजला जात होता. कॉट बाहेर गॅलरीत काढली. चर्चच्या सतरंज्या आल्या, ढोलकी आली, पेटी आली, आणि त्या एवढ्याशा खोलीत माणसं मावेनात म्हणून अर्धी मंडळी गॅलरीत उभी. पप्पांना खुर्चीत बसवलं होतं, गळ्याशी मफलर. मी नवी साडी नेसले होते, कारण पप्पांची साक्ष झाली की माझ्या नोकरीबद्दलही आभार मानायचे असं मी मनात धरलं होतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, मला दोन शब्द बोल असं आधी सांगूनही ठेवलं होतं. काय बोलायचं ते मी भांडी घासताना पाठ केलं होतं.

मी आत काकूंबरोबर चहा गाळत होते तेव्हा पप्पांचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. फिटर माणसाला कधी एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "प्रभूने मला माझा जीव परत दिला. जिवाच्या बदल्यात मी घड्याळ काय देऊ? माझ्या घरात सगळ्यात चांगलं जे आहे ते देतो. माझी बेबी मी आज प्रभूच्या सेवेला अर्पण करतो."

मग आमेन, आमेन सुरू झालं, बायका रडायला लागल्या, आणि पाळकसाहेबांनी मला हाक मारली. मी चहाचा ट्रे घेऊन तशीच बाहेर आले. मला पुढे ढकलत पप्पांच्या खुर्चीशी नेलं, आणि सात-आठ माणसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. माझ्या हातात भरलेल्या कपांचा ट्रे. तो कुणी घेईल तर शपथ. एकाची प्रार्थना संपली की दुसऱ्याची, आणि सगळ्यांना त्या दिवशी पवित्र आत्म्याने भरभरून शब्द दिले होते. माझे हात भरून आले, चहा थंड होऊन त्यावर साय धरली, आणि मी त्या सायीकडे बघत उभी. रडावं तर डोळे पुसायला हात नाही, आणि ट्रे टाकावा तर पप्पांच्या पायावर गरम नसला तरी चहाच तो. एवढंच तेव्हा डोक्यात येत होतं. माझे दोन शब्द राहून गेले ते गेलेच.

सेवेला अर्पण म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. सेविका व्हायचं. जूनपासून नगरकडे ट्रेनिंग, दोन वर्षं वसतिगृहात, मग पाठवतील त्या गावी जाऊन घरोघरी फिरायचं, आजाऱ्यांकडे बसायचं, बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं. जन्मभर. काम वाईट नाही, माझी एक मावशी करायची, आणि ती आमच्या सगळ्यांपेक्षा हसतमुख होती. पण ती स्वतःच्या पायांनी गेली होती. मला मात्र दुसऱ्याच दिवसापासून रस्त्यात लोक हात धरून अभिनंदन करायला लागले. पाळकीणबाई दोन पांढऱ्या साड्या घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावर टाकून लांबी बघायला लागल्या. काकूंना तर काही कळेचना. त्या आमच्या कापणीच्या सणाला दरवर्षी हौसेने यायच्या. त्या सणाला लोक भोपळे, नारळ, कोंबड्या देवाला आणून देतात आणि मागाहून त्यांची हर्रासी होते. काकूंनी मला मोरीत गाठलं.

"दिली म्हणजे काय दिली गं?" त्या म्हणाल्या. "पोरगी काय हर्रासीतली कोंबडी आहे?"

सेठला सांगितलं तर त्याची तऱ्हाच निराळी. तो गल्ल्यावरून वर बघून म्हणाला, भगवान को दे दिया वो ठीक है, लेकिन महीने के बीच में? नोटिस तो देना पड़ता है ना बेटी. त्या सगळ्या दिवसांत माझ्या बाजूने कायद्याचा मुद्दा काढणारा तो एकटाच. मी माळ्यावर जाऊन पत्र्याखाली बसून इतकी हसले की शेवटी रडूच आलं.

घरी भांडावं तर कुणाशी? एकीकडे देव, दुसरीकडे हार्ट पेशंट. मी तोंड उघडलं की आई स्वयंपाकघरातून स्वतःच्या छातीवर हात ठेवून मला खुणा करायची, म्हणजे त्यांच्या छातीकडे बघ आणि गप्प बस. तरी एकदा मी न राहवून विचारलंच, की विजूला का नाही दिलं, तो तर मोठा आहे. विचारलं होतं पप्पांना. उत्तर आईनेच दिलं. पाटावर मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "देवाला चांगलं तेच देतात, बाळ. किडकं नाही देत." बिचाऱ्या विजूची तिने एका वाक्यात वाट लावली, आणि माझी तारीफही अशी केली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पप्पांना म्हटलं, माझी नोकरी तुम्हाला माहीत होती, पेन्शन तुम्ही विचारली होती. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तसेच म्हणाले, "बोललोय मी. प्रभूसमोर बोललोय, मंडळीसमोर बोललोय. आता मला मागे घेता येत नाही."

आणि खरंच येत नव्हतं. हेच तर मला चिडवत होतं. बाजारातला शब्द असता तर काहीतरी तडजोड निघाली असती. पप्पांनी देवाशी बोलणी केली होती आणि त्यात माझं नाव घातलं होतं. मला कधीकधी वाटायचं की त्यांनाही ते कळतंय. मीटिंगनंतर ते जेवताना माझ्याकडे बघत नसत, मी पाणी दिलं की ग्लासाकडे बघून घेत. पण कळून काय उपयोग? कामावर हजर व्हायची तारीख जवळ येत होती. पाळकसाहेब ट्रेनिंगला नाव घालायचं म्हणून माझा दाखला मागत होते आणि मी रोज विसरत होते. विसरण्याला काही मर्यादा असते.

आमच्या उपासनेत प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. ज्याला बोलायचं त्याने उठायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा मुलगा पास झालेला असतो. त्या रविवारी एका म्हातारबुवांची साक्ष संपली आणि मी उठले. बायकांच्या बाजूने एक समाधानाचा सुस्कारा निघाला, कारण सगळ्यांना वाटलं, मुलगी तयार झाली. पप्पा पुढे खुर्चीत बसले होते, बाकी सगळे सतरंजीवर. मला त्यांची फक्त मान दिसत होती.

मी म्हटलं, "माझ्या पप्पांनी आभाराच्या मीटिंगमध्ये मला अर्पण केलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी जाणार नाही. उद्या मी कल्याणला कामावर हजर होणार आहे. प्रभूला राग आला तर तो माझ्यावर येऊ दे, पप्पांवर नको."

एवढंच. माझा आवाज शेवटी फाटला, तो मला अजून ऐकू येतो. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि एक गाणं सांगितलं. पेटीवाल्याला सूर सापडेना. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, आणि सगळे बघत होते. पप्पांची मान तशीच. घरी आल्यावर आईने माझ्या ताटात रस्सा वाढला तो इतका जोरात की ताटाबाहेर गेला. पप्पांना डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, त्यांच्या पानात दुधी. ते मुकाट्याने जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, आणि आडवे झाले. माझी तयारी मोठ्या भांडणाची होती. ते झालंच नाही. भांडण न झाल्यासारखं वाईट काही नसतं, ते पुढे कधीतरी होणार म्हणून माणूस जन्मभर कंबर कसून बसतो.

मी बरोबर होते. तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. मुलगी म्हणजे काही घड्याळ नव्हे. कुणी मला आता पश्चात्तापाबद्दल विचारायला आलं तर त्यालाही मी चहा पाजून वाटेला लावीन.

सोमवारी सकाळी मी नवी पर्स घेऊन निघाले तर पप्पा माझ्याआधी तयार. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात कापडी पिशवी. रविवारची उपासना सोडली तर कित्येक आठवडे ते चाळीच्या नळापलीकडे गेले नव्हते. आई दारात तोंडाला पदर लावून उभी. मी विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, वांगणीला, तिथे मंडळीतली एक म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय, आणि तुम्ही वांगणीला निघालात? ते वाकून बुटाची नाडी बांधत होते. वाकू नका असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"शब्द दिलाय ना मी," ते नाडीकडे बघत म्हणाले. "तू जात नाहीस, ठीक आहे. पण जागा रिकामी ठेवता येत नाही. तू तुझ्या ड्यूटीवर जा."

आणि ते गेले. मी काय करणार होते? पहिल्याच दिवशी उशीर करून चालणार नव्हतं. मीही गेले. त्या दिवशी मी साहेबांचं पहिलं पत्र टाइप केलं त्यात इतक्या चुका झाल्या की साहेबांनी मला परीक्षा कुणी पास केली असं विचारलं. ज्या खुर्चीसाठी मी भर चर्चमध्ये उभी राहिले त्या खुर्चीत बसून मी दिवसभर एकच विचार करत होते, की जिभेखालची गोळी त्यांनी बरोबर घेतली असेल की नाही.

मग ते रोजचंच झालं. वांगणी, बदलापूर, उल्हासनगरचे कॅम्प. पिशवीत शास्त्र, गाण्यांचं पुस्तक, दोन मोसंबी आणि गोळ्या. सुरुवातीला त्यांना ते अजिबात जमत नसे. आजाऱ्याच्या घरी जाऊन आमच्यातल्या पद्धतीने सलाम, कसं काय, एवढं बोलून ते गप्प बसायचे. पुढे काय बोलायचं हे फिटर माणसाला कोण शिकवणार? दोन वर्षांचं ट्रेनिंग तर माझ्यासाठी होतं. मग ते तिथला गळका नळ बघायचे, पंख्याला तेल द्यायचे, म्हाताऱ्यांची नखं कापायचे. दवाखान्यातली ती सिंधी बाई विधवा झाली, तिच्याकडेही जायचे. तिथे प्रार्थना दोघांच्या दोन भाषांत व्हायची आणि वर पापड खायला मिळायचा. हळूहळू ते शिकले. लोक त्यांची वाट बघायला लागले. मंडळीत त्यांचं नाव झालं, आणि भेटेल तो मला म्हणायचा, बेबी, काय भाग्यवान तू, असे वडील मिळाले. मी दात दाखवायचे. आत माझी लाही लाही व्हायची. कारण त्यांच्या प्रत्येक फेरीवर माझं नाव होतं आणि ते फक्त आमच्या दोघांना वाचता येत होतं.

मी काय कमी उपाय केले? डॉक्टरांना सांगून त्यांना दम दिला. ते डॉक्टरांना हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्याच गल्लीतल्या पेशंटकडे गेले. एकदा मी बूट लपवले तर ते काकांच्या चपला घालून गेले. शेवटी पाळकसाहेबांकडे जाऊन मी हात जोडले, की तुम्ही चर्चमध्ये उभे राहून सांगा, नवस फिटला, आता पुरे. ते हसून म्हणाले, अगं, त्यांना सेवेत किती आनंद आहे बघ. मी म्हटलं, आनंद नाही तो, ते माझी ड्यूटी भरतायत. ते पुन्हा हसले. त्यांच्यानंतर नवे पाळक आले, त्यांना तर मूळ गोष्टच ठाऊक नव्हती. त्यांच्यासाठी पप्पा पहिल्यापासून तसेच. मधल्या काळात माझं लग्न झालं, जरा उशिराच, कारण अर्पण करून परत घेतलेली मुलगी करायला घरं बिचकायची. मला अंबरनाथमध्येच घर मिळालं ते बरं झालं. निदान रोज जाऊन त्या गोळ्या मोजता यायच्या.

बदलापूरला तेव्हा नुसत्या बिल्डिंगा उठत होत्या. कालपर्यंत गवत होतं तिथे आज चार मजले, बिनलिफ्टचे, आणि रंगाचा वास जायच्या आत माणसं राहायला. एका दुपारी मी विजूकडे गेले होते. वहिनी म्हणाली, पप्पा मघाशी समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले, चौथ्या मजल्यावर कुणीतरी लकव्याचं आहे. चौथा मजला म्हटल्यावर मी चहा तसाच ठेवून धावले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, वळणावरच्या पायरीवर ते बसले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, तोंड उघडं, एक हात कठड्याच्या गजावर. मला बघून त्यांनी जिभेकडे बोट दाखवलं, म्हणजे गोळी घेतली आहे. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले आणि त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत काही बोलले नाही. आल्यावर मात्र इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, बास झालं आता. तुम्ही माझ्यावर उपकार करताय असं लोकांना वाटत नाही, मला वाटतं, आणि मला ते उपकार नकोत. माझ्या ऑफिसात मी एक दिवस सुखाने बसलेले नाही. मला शिक्षाच द्यायची होती तर त्या रविवारीच दोन थोबाडीत मारायच्या होत्या, सगळ्यांसमोर. हे काय चालवलंय तुम्ही?

ते दुसऱ्या हाताने पिशवीतली मोसंबी चाचपत होते. म्हणून मी आणखी चढले. "मी तुम्हाला कधी सांगितलं होतं माझ्याबदली जायला? एकदा तरी म्हटलं होतं?"

पप्पांनी गजावरचा हात काढला आणि पहिल्यांदा, त्या मीटिंगनंतर अगदी पहिल्यांदा, माझ्याकडे सरळ बघितलं.

"नव्हतं म्हटलंस," ते म्हणाले. "मीही तुला कुठे विचारलं होतं?"

मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकले, पिशवी उचलली आणि उरलेल्या पायऱ्या चढायला लागले, एकेका पायरीवर थांबत. मी तिथेच बसून राहिले. माझा राग गेला नव्हता, तो आजही गेलेला नाही. फक्त तो धरायचा कुणावर, हे त्या दुपारनंतर मला कधी कळलं नाही.